विश्लेषण : पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांना का मिळतो? कंपन्या मार्केटिंगची रणनीती कशी आखतात?

बिस्किटे, साबण, शाम्पू, टूथपेस्ट अशा रोजच्या वापराच्या अनेक वस्तूंवरील वस्तू व सेवा कर (जीएसटी) २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हिशेबाने पाहिले तर पाच रुपयांचा बिस्किटपुडा ४ रुपये ४५ पैशांना मिळायला हवा होता. सुरुवातीच्या काळात अशा विचित्र किमतींचे पुडे बाजारात दिसलेही. पण अनेक कंपन्यांनी छोट्या पुड्यांची किंमत कमी करण्याऐवजी त्यातील वजन वाढवण्याचा मार्ग पसंत केला. हा निर्णय केवळ सुट्या पैशांच्या अडचणीतून आलेला नाही. वस्तू कुणासाठी, केवढ्याची, कुठे आणि काय सांगून विकायची, याची जी योजना कंपन्या वर्षानुवर्षे आखतात, त्या योजनेचा तो भाग आहे. ही योजना नेमकी कशी तयार होते आणि तिचा ग्राहकाच्या खिशाशी काय संबंध, याचा हा आढावा.

पाच रुपयांच्या पुड्याचे गणित काय?

१८ टक्के कर असताना पाच रुपयांच्या पुड्यात मूळ किंमत सुमारे ४ रुपये २४ पैसे आणि कर ७६ पैसे होता. कर ५ टक्के झाल्यावर त्याच मूळ किमतीचा पुडा ४ रुपये ४५ पैशांचा होतो. मात्र देशात २५ पैसे आणि त्याखालील नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाली आहेत. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण व्यवहारात ते जवळपास दिसत नाही. त्यामुळे ५५ पैसे परत देणे दुकानदाराला शक्य नाही. त्या बदल्यात तो चॉकलेटची गोळी हातावर ठेवणार, हे ग्राहकालाही ठाऊक असते.

दुसरा पर्याय वजन वाढवण्याचा. करकपातीचा पूर्ण लाभ वजनाच्या रूपात द्यायचा तर ते सुमारे १२.४ टक्क्यांनी वाढायला हवे. म्हणजे ५० ग्रॅमचा पुडा ५६ ग्रॅमचा व्हायला हवा. ग्राहकाचा फायदा दोन्हीकडे सारखाच. फरक इतकाच की कमी झालेली किंमत लगेच कळते आणि वाढलेले सहा ग्रॅम सहसा कळत नाहीत. पुढे कच्चा माल महागला, तर हे सहा ग्रॅम पुन्हा गुपचूप कमीही करता येतात. नेमक्या याच कारणासाठी छोट्या पुड्याची किंमत ही कंपनीच्या रणनीतीतील सर्वात जपून ठेवलेली गोष्ट असते.

मार्केटिंग म्हणजे फक्त जाहिरात?

सर्वसाधारण समज तसा आहे. प्रत्यक्षात जाहिरात हा या प्रक्रियेचा शेवटचा आणि लोकांना दिसणारा भाग आहे. अमेरिकी प्राध्यापक ई. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात ‘चार पी’ची मांडणी केली : प्रॉडक्ट म्हणजे वस्तू, प्राइस म्हणजे किंमत, प्लेस म्हणजे विक्रीचे ठिकाण आणि प्रमोशन म्हणजे प्रसिद्धी. पुढे फिलिप कोटलर यांच्या १९६७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही मांडणी जगभरच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांत पोहोचली.

या चार प्रश्नांच्याही आधी तीन पायऱ्या येतात. पहिली, बाजाराचे गट पाडणे. उत्पन्न, वय, गाव-शहर, सवयी यांनुसार ग्राहक वेगळे असतात. दुसरी, त्यातला कोणता गट आपला, हे ठरवणे. तिसरी, त्या गटाच्या मनात आपल्या वस्तूची कोणती ओळख हवी, हे निश्चित करणे. ‘सर्वांसाठी’ बनवलेली वस्तू बहुतेकदा कुणाचीच होत नाही. म्हणून कुणाला विकायचे नाही, हे ठरवणेही योजनेचाच भाग मानले जाते.

हे काम कंपनीत कोण करते?

मोठ्या कंपन्यांत प्रत्येक ब्रँडची जबाबदारी एका ब्रँड मॅनेजरवर असते. ही पद्धत जवळपास शंभर वर्षे जुनी आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीत ‘कॅमे’ साबणाची जाहिरात पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने १३ मे १९३१ रोजी तीन पानांचे एक टिपण लिहिले. कंपनीचाच ‘आयव्हरी’ साबण मोठा असल्याने कॅमेकडे पुरेसे लक्ष दिले जात नव्हते. प्रत्येक ब्रँडला स्वतंत्र माणसे द्या, त्यांनी विभागवार विक्रीचे आकडे तपासावेत, जिथे विक्री कमी तिथे कारण शोधावे आणि उपायाचा खर्च मांडावा, असे त्यात सुचवले होते. आजच्या ब्रँड मॅनेजरचे काम थोड्याफार फरकाने हेच आहे. मॅकेलरॉय पुढे कंपनीचे प्रमुख आणि नंतर अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.

भारतात बहुतेक कंपन्यांचे नियोजन एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाला बांधलेले असते. त्यामुळे दिवाळीची विक्री संपली की पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव सुरू होते. ब्रँडची टीम मागील विक्री, स्पर्धकांच्या हालचाली आणि ग्राहक पाहणीचे निष्कर्ष मांडते. विक्री विभाग प्रत्येक प्रदेशातून किती माल उठेल याचा अंदाज देतो. कारखाना क्षमता सांगतो आणि वित्त विभाग खर्चाला कात्री लावतो. या ओढाताणीतून वर्षाचे उद्दिष्ट, जाहिरातीचा खर्च, दुकानदारांसाठीच्या स्कीम आणि नव्या उत्पादनांच्या तारखा ठरतात. पाऊस, लग्नसराई, सुगी, परीक्षा आणि सण यांचे वेळापत्रक या आराखड्यात बसवावे लागते. थंड पेयांचा माल मार्चपूर्वी दुकानात पोहोचला नाही, तर मे महिन्यातल्या जाहिरातीवरचा खर्च वाया जातो.

निरमा आणि सर्फच्या लढाईने काय शिकवले?

भारतीय कंपन्यांच्या नियोजनावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या घटनांत ही लढाई मोडते. गुजरात सरकारच्या खाणकाम विभागात रसायनशास्त्रज्ञ असलेल्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत घरीच कपडे धुण्याची पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. त्यांची ‘निरमा’ हिंदुस्तान लिव्हरच्या ‘सर्फ’पेक्षा कितीतरी स्वस्त होती. तोवर साबणाच्या वडीने कपडे धुणारी असंख्य घरे त्यामुळे पहिल्यांदा पावडरकडे वळली. बड्या कंपनीच्या दृष्टीने ही घरे आपले ग्राहकच नव्हती. म्हणूनच सुरुवातीला या स्पर्धकाकडे दुर्लक्ष झाले. पुढे विक्रीच्या प्रमाणात निरमाने सर्फला मागे टाकले.

हिंदुस्तान लिव्हरने दोन पातळ्यांवर उत्तर दिले. जाहिरात क्षेत्रातील अलेक पदमसी यांच्या कारकिर्दीत ‘ललिताजी’ हे पात्र टीव्हीवर आले. भाजी घासाघीस करून घेणारी ही गृहिणी महाग पावडर का घेते, याचे उत्तर ती हिशेबाने देते : अर्धा किलो सर्फमध्ये एक किलो स्वस्त पावडरीइतके कपडे निघतात. म्हणजे तुलना किलोच्या भावाची नको, धुतलेल्या कपड्यांची करा. किंमत एक पैशानेही न बदलता तिचा मोजण्याचा एककच बदलण्याचा हा प्रयत्न होता.

मात्र ज्या घरात एकरकमी देण्याइतके पैसेच नव्हते, तिथे हा युक्तिवाद पोहोचत नव्हता. त्यासाठी कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हील’ बाजारात आणली. निरमाची वाढ रोखण्याच्या या मोहिमेला कंपनीत ‘स्टिंग’ असे नाव होते. व्हीलसाठी कंपनीने वस्तूचे सूत्र, उत्पादनाची ठिकाणे, वितरण आणि खर्चाची रचना नव्याने मांडली. महाग वस्तूत थोडी काटछाट करून स्वस्त वस्तू तयार होत नाही. तिच्यासाठी सगळी साखळीच वेगळी लागते. हा धडा व्यवस्थापन तज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मधील आपल्या पुस्तकातून जगासमोर मांडला.

किंमत आधी आणि वस्तू नंतर?

रोजच्या वापराच्या वस्तूंत अनेकदा असेच घडते. आधी ग्राहकाच्या हातातले नाणे पाहिले जाते आणि त्यात काय बसेल ते नंतर ठरते. शाम्पूची पुडी हे याचे ठळक उदाहरण. तमिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५ हजार रुपयांच्या भांडवलावर ‘चिक’ शाम्पू सुरू केला. गावोगावी विक्रेते शाळकरी मुलांचे केस सर्वांसमोर धुऊन दाखवत. रिकाम्या पाच पुड्या परत करा आणि एक भरलेली पुडी मोफत घ्या, अशी योजनाही राबवली गेली. १९९९ मध्ये कंपनीने ५० पैशांची पुडी आणली. बाटलीसाठी एकदम शंभर रुपये काढणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी शाम्पू ही आठवड्यातून एकदा घेण्याची वस्तू झाली. आज किराणा दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळा ही त्याचीच परिणती आहे. या पुड्यांच्या प्लास्टिकचा कचरा गावाबाहेरच्या ओढ्यांत साचतो, ही त्याची दुसरी बाजू.

बिस्किटांतही हेच दिसते. मुंबईतील विलेपार्ल्यात १९२९ मध्ये सुरू झालेल्या पार्ले प्रॉडक्ट्सचा पार्ले-जी अनेक वर्षे चार रुपयांना मिळत होता. अलीकडच्या काळात तो पाच रुपयांचा झाला. किंमत जवळपास स्थिर राहिली, पण १९९०च्या दशकात सुमारे १०० ग्रॅमचा असलेला छोटा पुडा हळूहळू जवळपास निम्म्यावर आला. मैदा, साखर, तेल, इंधन सगळे महागत असताना किंमत धरून ठेवायची, तर वजन उतरवण्याशिवाय कंपन्यांकडे फारसा पर्याय नसतो. पण चहासोबत एक पुडा हेच ज्याचे सकाळचे खाणे आहे, अशा मजुरासाठी ही न दिसणारी महागाई असते. पुडा तोच, किंमत तीच, पोट मात्र कमी भरते.

एकच भारत की अनेक?

एका राज्यात चाललेली योजना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरने गेल्या दशकात देशाचे १४ ग्राहक-विभाग पाडून नियोजन सुरू केले. त्यातून एकाच नावाच्या चहाचे मिश्रण, पुड्यांचे आकार आणि जाहिरातीवरचा भर प्रदेशानुसार बदलू लागला. याच कंपनीने २०००च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्यात बचत गटांतील महिलांना विक्रेत्या बनवणारा ‘शक्ती’ प्रकल्प सुरू केला. जिथे वितरकाची गाडी परवडत नाही तिथे माल पोहोचवण्याचा हा मार्ग होता. वीज आणि टीव्ही यांचा भरवसा नसलेल्या बिहार-झारखंडात मिस्ड कॉल दिल्यावर फोनवर गाणी, विनोद आणि अधूनमधून जाहिराती ऐकवणारी ‘कान खजुरा टेसन’ ही मोबाइल वाहिनीही याच विचारातून आली.

महाराष्ट्राला परिचित उदाहरण मोती साबणाचे. टाटा ऑइल मिल्सचा हा मोठा, गोल, सुगंधी साबण १९९३ मध्ये ही कंपनी विलीन झाल्यावर हिंदुस्तान लिव्हरकडे आला. देशपातळीवर तो फार मोठा ब्रँड नाही. पण नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाशी तो मराठी घरांत इतका जोडला गेला आहे की उटण्याच्या पुडीशेजारी मोतीची वडी नसेल तर दिवाळी अपुरी वाटते. त्यामुळे कंपनीला वर्षभर जाहिरात करावी लागत नाही. पहाटे दार ठोठावून सोसायटीला उठवणाऱ्या ‘अलार्म काकां’च्या जाहिरातीसारखा खर्च काही आठवड्यांतच, तोही प्रामुख्याने मराठी माध्यमांत होतो. मात्र त्या काही आठवड्यांत दुकानात माल कमी पडला, तर पुढची संधी थेट वर्षभराने येते.

दुकानापर्यंतचा रस्ता इतका महत्त्वाचा का?

जाहिरात पाहून दुकानात गेलेल्या ग्राहकाला माल मिळाला नाही, तर तो शेजारचा ब्रँड उचलतो. त्यामुळे वितरण हा रणनीतीचा कणा असतो. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या वस्तू देशातील सुमारे ९० लाख दुकानांत पोहोचतात, असे कंपनी सांगते. त्यामागे कारखाना, गोदाम, वितरक, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गल्लीत ऑर्डर घेणारा सेल्समन आणि किराणा दुकानदार अशी साखळी असते. प्रत्येक टप्प्यावर मार्जिन, उधारी आणि स्कीम ठरलेली असते.

सुपरमार्केट, ऑनलाइन मंच आणि दहा-वीस मिनिटांत माल घरी देणारे ‘क्विक कॉमर्स’ यांनी या साखळीत तणाव निर्माण केला आहे. घाऊक ऑनलाइन कंपन्यांना जास्त सवलतीने माल मिळतो आणि आमचेच दुकानदार तिकडे वळतात, अशी तक्रार करत २०२१च्या अखेरीस वितरकांच्या देशव्यापी महासंघाने कंपन्यांना असहकाराचा इशारा दिला. त्याची झळ २०२२च्या सुरुवातीला महाराष्ट्रातही बसली. तेव्हापासून वेगवेगळ्या विक्रीमार्गांसाठी वेगळ्या आकाराचे पुडे ठेवण्याकडे कंपन्यांचा कल वाढला. बाहेरून ही सोय वाटते. पण त्यामुळे किराण्यातला आणि ऑनलाइन पुडा यांच्या किमतीची थेट तुलना करणे ग्राहकाला अवघड जाते.

डिजिटल जाहिरातीने गणित कसे बदलले?

टीव्हीवरील जाहिरात किती जणांनी पाहिली याचा अंदाज येतो, पण त्यामुळे किती जणांनी वस्तू घेतली हे नेमके सांगता येत नाही. डिजिटल जाहिरातीत प्रत्येक क्लिकचा माग ठेवता येतो. त्यामुळे केवळ ऑनलाइन विकणाऱ्या नव्या कंपन्या ‘एक नवा ग्राहक मिळवायला किती खर्च आला’ या आकड्यावर योजना उभी करतात. समजा, ४०० रुपयांचे क्रीम बनवून घरपोच द्यायला २२० रुपये लागतात. हातात १८० रुपये उरतात. ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरातीवर २५० रुपये गेले, तर पहिल्या विक्रीत ७० रुपयांचा तोटा होतो. तोच ग्राहक जाहिरातीशिवाय दुसऱ्यांदा आला, तर एकूण ११० रुपये फायदा होतो. म्हणजे सगळा खेळ दुसऱ्या खरेदीवर आहे. म्हणूनच एकदा खरेदी केल्यावर सवलतीचे संदेश, कूपन आणि दरमहा आपोआप माल पाठवण्याच्या योजना यांचा मारा सुरू होतो.

या मोजमापाला एक मर्यादा आहे. जे मोजता येते त्यावरच खर्च होऊ लागतो आणि वर्षानुवर्षे विश्वास कमावणारे काम मागे पडते. सवलतीमुळे आलेला ग्राहक दुसरीकडे मोठी सवलत मिळताच निघून जातो.

योजना फसते केव्हा?

बहुतेकदा वस्तूपेक्षा तिची ओळख चुकते तेव्हा. टाटा नॅनो जानेवारी २००८ मध्ये जगासमोर आली आणि २००९ मध्ये विक्रीला आली. दुचाकीवर चौघांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला सुरक्षित वाहन मिळावे, हा तिच्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात तिची ओळख ‘लाख रुपयांची सर्वात स्वस्त गाडी’ अशी झाली. पण मध्यमवर्गीय घरात गाडी ही प्रतिष्ठेचीही गोष्ट असते. ‘सर्वात स्वस्त’ हा शिक्का कुणालाच दारात उभा करायचा नव्हता. सिंगूरहून साणंदला कारखाना हलवावा लागल्याने झालेला उशीर आणि काही गाड्यांना लागलेल्या आगी यांचाही फटका बसला. सर्वात स्वस्त गाडी म्हणून नॅनोचे मार्केटिंग होणे ही चूक होती, हे खुद्द रतन टाटा यांनी नंतर मान्य केले. गाडी अभियांत्रिकीच्या कसोटीवर उतरली तरी बाजारात का पडते, हे सांगताना आजही तिचाच दाखला दिला जातो.

ग्राहकाने काय पाहावे?

कंपनीने योजना आखण्यात गैर काही नाही. फसवणूक कुठे सुरू होते, याची रेषा मात्र कायद्याने आखली आहे. वैधमापन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार पुड्यावर एमआरपीबरोबरच प्रति ग्रॅम, प्रति मिलिलिटर किंवा प्रति नग किंमत छापणे अपेक्षित आहे. मोठा पुडा स्वस्तच पडतो हा समज या छोट्या आकड्याने अनेकदा खोटा ठरतो. मात्र १० ग्रॅम वा १० मिलिलिटरपर्यंतच्या पाकिटांना नियमांत सूट असल्याने, ज्या पुड्या सर्वात कमी उत्पन्नाची घरे घेतात तिथेच ही तुलना सर्वात अवघड होते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अंतर्गत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ऑनलाइन खरेदीत न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, खोटी घाई, शेवटच्या टप्प्यावर वाढणारे शुल्क अशा १३ क्लृप्त्यांना नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी ‘डार्क पॅटर्न’ ठरवून मनाई केली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

करकपातीनंतर वाढलेले ग्रॅम पुड्यात टिकतात का, हे येत्या काळात कळेल. त्यासाठी वेगळ्या पाहणीची गरज नाही. घरातल्या जुन्या आणि नव्या पुड्यावरचे ‘निव्वळ वजन’ शेजारी ठेवून वाचले, तरी पुरे.